तुटणं जोडतानाच ठरतं

ज्वारीच्या एकाच ताटातून दोघांचं पोट भरतं. कणसातल्या दाण्यांची भाकरी माणूस खातो आणि उरलेला कडबा बैलांपुढे पडतो. माणूस कितीही भुकेला असला तरी कडब्यावर जगू शकत नाही. रसायनशास्त्राच्या नजरेने हे कोड्यात टाकणारं आहे, कारण भाकरीतला स्टार्च आणि कडब्यातला सेल्युलोज हे दोन्ही पदार्थ ग्लुकोज या एकाच साखरेपासून तयार होतात. कच्चा माल तोच, तो जोडणारं रोपही तेच. ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडले जाताना सांध्याची दिशा तेवढी बदलते.

ग्लुकोजचे दोन रेणू जुळतात तेव्हा त्यांच्यामधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि मध्ये ऑक्सिजनचा एक अणू उरतो. तोच दोघांना बांधून ठेवतो. स्टार्चमध्ये हा ऑक्सिजन अशा बाजूला असतो, की साखळी प्रत्येक सांध्याला थोडी वळते आणि तिची सैल गुंडाळी होते. सेल्युलोजमध्ये तो दुसऱ्या बाजूला असतो. तिथे प्रत्येक पुढचा रेणू आधीच्याच्या मानाने उलटा बसतो, साखळी सरळसोट राहते आणि अशा अनेक सरळ साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट खेटतात की मध्ये शिरायला पाण्यालाही वाव राहत नाही. आपल्या लाळेतलं अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, स्टार्चच्या सांध्यावर नेमकं बसतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो तो त्यामुळेच. सेल्युलोजचा सांधा तोडणारं विकर आपल्याकडे नाही. खरं तर बैलाकडेही नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जे सूक्ष्मजीव राहतात त्यांच्याकडे ते असतं, आणि बैल त्यांच्या जिवावर कडबा पचवतो. हे विकर नसेल, नुसतं पाणी आणि नेहमीचं तापमान असेल, तर सेल्युलोजमधले निम्मे सांधे आपोआप तुटायला लाखो वर्षं लागतील, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या अशा लांबलचक रेणूला पॉलिमर म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्याला बहुवारिक हे नाव आहे. स्टार्च, सेल्युलोज, रेशीम, रबर हे निसर्गाचे पॉलिमर. नायलॉन, पॉलिथीन, पॉलिएस्टर हे माणसाचे. यांतला कुठला पदार्थ पावसात टिकेल, कुठला उन्हात चुरेल, कुठला मातीत जिरेल, याचं उत्तर बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं: त्याचे तुकडे कोणत्या सांध्याने जोडले आहेत तिथे.

एवढा मोठा रेणू असूच कसा शकतो?

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारणारे लोक सामान्य नव्हते. रबर किंवा सेल्युलोज साखरेसारखा स्फटिकरूपात शुद्ध करता येत नाही, तापवून त्याची वाफ करून पुन्हा गोळा करता येत नाही, तेव्हा तो म्हणजे लहान रेणूंचा कुठल्या तरी दुबळ्या आकर्षणाने चिकटलेला गोळा असावा, असं त्या वेळच्या बड्या बड्या रसायनशास्त्रज्ञांचं मत होतं. १९२० साली हेर्मान स्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने याच्या उलट मांडणी केली. हे खरोखरच हजारो अणूंचे अखंड रेणू आहेत आणि त्यांतले सांधे पाण्याच्या किंवा साखरेच्या रेणूतल्या सांध्यांइतकेच पक्के आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे नोबेल मिळवलेल्या हाइनरिख वीलांटसारख्या ज्येष्ठ सहकाऱ्यानेही त्याला हा नाद सोडायचा सल्ला दिला.

स्टाउडिंगरने रबर घेऊन एक सरळ कसोटी लावली. विरोधक म्हणत होते की रबराचे लहान रेणू त्यांच्यातल्या दुहेरी बंधांच्या आकर्षणामुळे एकत्र राहतात. ठीक आहे, मग त्या दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडून ते संपवून टाकू. आकर्षणच गेलं तर गोळा फुटायला हवा आणि हाती साधं, वाफ होऊ शकणारं तेल यायला हवं. १९२२ साली त्याने हा प्रयोग जाहीर केला. हायड्रोजन जोडलेलं रबर तेलासारखं वागलं नाही. ते आधीसारखंच चिकट, दाट द्रावण देणारं आणि वाफ न होणारं राहिलं. रेणू एकसंध होता. तरी सगळ्यांना हे पटायला आणखी दशकभर गेलं, आणि स्टाउडिंगरला नोबेल मिळालं ते १९५३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

दोन टोकांची जोडणी

साखळी-रेणू असतो हे पटल्यावर पुढचा प्रश्न तो मुद्दाम बनवता येईल का, हा. अमेरिकेत विल्मिंग्टनच्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९२८ साली रुजू झालेल्या वॉलेस कॅरॉदर्सने तो हाती घेतला. त्याची युक्ती रेल्वेच्या यार्डातून उचलल्यासारखी होती: प्रत्येक डब्याला दोन्ही टोकांना कपलिंग असेल, तर कुठलाही डबा कुठल्याही डब्याला जोडता येतो आणि गाडी हवी तेवढी लांबवता येते. एका रेणूच्या दोन्ही टोकांना आम्ल गट, दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना अल्कोहोल गट. दोन टोकं जुळली की पाण्याचा एक रेणू सुटतो आणि एस्टर नावाचा सांधा तयार होतो.

ऐकायला सोपं असलं तरी लांब साखळी काही हाती लागत नव्हती. याचं गणित पाहण्यासारखं आहे. शंभर रेणू घ्या. एक सांधा जुळला की तुकड्यांची संख्या एकाने घटते. ९५ सांधे जुळले तर पाच तुकडे उरतात, म्हणजे एका तुकड्यात सरासरी फक्त २० रेणू. काम ९५ टक्के झालं, तरी हाती येतो तो ठिसूळ, मेणासारखा माल. सरासरी १०० गाठायची तर ९९ टक्के टोकं जुळावी लागतात आणि २०० साठी साडेनव्व्याण्णव टक्के. सगळी ताकद शेवटच्या एक-दोन टक्क्यांत दडलेली असते. हे गणित आजही कॅरॉदर्सच्या नावाने शिकवलं जातं.

शेवटचे टक्के अडवून धरत होतं ते पाणी. सांधा जुळताना जे पाणी सुटतं तेच पाणी सांध्यावर उलटून तो पुन्हा फोडू शकतं. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असतात आणि भांड्यात पाणी साचलं की तोडणारी बाजू जोर धरते. कॅरॉदर्सच्या गटाने अतिशय कमी दाबाखाली चालणारं खास ऊर्ध्वपातनाचं उपकरण वापरून पाण्याचा शेवटचा अंशही ओढून काढला. १९३० साली त्याचा सहकारी जूलियन हिल याने त्या उपकरणातल्या वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये काचेची कांडी बुडवून वर ओढली, तेव्हा तिच्यामागून एक लांब धागा निघाला. तो गार झाल्यावर ताणला तर तुटायच्या ऐवजी कित्येक पट लांबला आणि लांबल्यावर आणखी मजबूत, चकचकीत झाला. ताणल्यामुळे आतल्या विस्कटलेल्या साखळ्या एकाच दिशेने लागल्या होत्या. पण हे पॉलिएस्टर फार कमी तापमानाला वितळत होतं, म्हणून कापडाला निरुपयोगी होतं.

मग गटाने एस्टरऐवजी अमाइड हा सांधा निवडला. रेशीम, लोकर आणि आपले केस ज्या सांध्याने जोडलेले असतात तो हाच. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी अडिपिक आम्ल आणि हेक्झामिथिलीन डायअमीन यांच्यापासून नायलॉन तयार झालं. ते बाजारात येईपर्यंत कॅरॉदर्स हयात नव्हता. १९३७ मध्ये, ४१ व्या वर्षी, त्याने आपलं जीवन संपवलं होतं. बाजूला ठेवलेल्या पॉलिएस्टरचं भाग्य १९४१ साली इंग्लंडमध्ये उजळलं. व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी साखळीत ताठ कड्याचं टेरेफ्थॅलिक आम्ल घातलं आणि इस्त्री सोसणारं पॉलिएस्टर तयार झालं. आपल्याकडे टेरिकॉटच्या सदऱ्यांत कापसाबरोबर विणलं गेलं ते हेच. पाण्याच्या बाटलीचं पेट प्लॅस्टिकही रसायनाच्या दृष्टीने तेच.

एका टोकाने पळत सुटणारी साखळी

दुसरी पद्धत अगदी वेगळी आहे आणि ती हाती आली ती अपघाताने. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टनच्या आयसीआय कारखान्यात एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे इथिलीन वायूची बेन्झाल्डिहाइडशी क्रिया घडवायचा प्रयत्न करत होते. वातावरणाच्या हजाराहून जास्त पट दाब आणि १७० अंश सेल्सिअस तापमान. अपेक्षित क्रिया काही झाली नाही, पण भांड्यात थोडा पांढरा, मेणासारखा पदार्थ आढळला. तो पुन्हा बनवायला गेलं की कधी काहीच होईना, कधी भांडंच फुटे. १९३५ च्या डिसेंबरमध्ये तो पुन्हा नीट मिळाला आणि हळूहळू उलगडा झाला: उपकरणातून वायू गळत होता, म्हणून बाहेरून आणखी इथिलीन भरावं लागलं होतं आणि त्या नव्या वायूबरोबर नेमका हवा तेवढाच ऑक्सिजन आत गेला होता. क्रियेला सुरुवात करून देणारा तोच होता.

इथिलीनच्या रेणूत दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले असतात. एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा एखादा आक्रमक तुकडा, ज्याला मुक्त मूलक म्हणतात, त्या दुहेरी बंधावर आदळला की बंध उघडतो. मूलक एका कार्बनाला चिकटतो आणि एकटा इलेक्ट्रॉन आता दुसऱ्या कार्बनावर येतो. तो कार्बन पुढच्या इथिलीनवर झडप घालतो, तो त्याच्या पुढच्यावर. क्षणार्धात हजारो रेणू जोडले जातात. अशी दोन वाढती टोकं समोरासमोर आली की त्यांचे एकटे इलेक्ट्रॉन जोडी जमवतात आणि साखळी थांबते. इथे पाणी सुटत नाही, दुसरंही काही सुटत नाही. जे तयार होतं ते पॉलिथीन. त्याची साखळी म्हणजे कार्बनामागून कार्बन, आणि मध्ये ऑक्सिजन नाही की नायट्रोजन नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलवरचं आवरण म्हणून ते अमोल ठरलं. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सीग्लरने धातूंची संयुगं उत्प्रेरक म्हणून वापरून तेच काम साध्या दाबाला करून दाखवलं. त्याच्या पद्धतीने फाटे न फुटलेल्या सरळ साखळ्या मिळाल्या. दुधाच्या लवचिक पिशवीत फाटे असलेल्या साखळ्या असतात, तर कडक कॅन आणि क्रेटमध्ये सरळ. १९५४ मध्ये इटलीत जूलिओ नाट्टाने त्याच वाटेने सुबक मांडणीचं पॉलिप्रोपिलीन बनवलं. दोघांना १९६३ साली नोबेल विभागून मिळालं.

या क्रिया पाहायला कारखान्यातच जायला हवं असं नाही. घरातल्या फेविक्विकच्या नळीत सायनोॲक्रिलेटचे सुटे रेणू असतात. थेंब पृष्ठभागावर पडला की तिथल्या हवेतल्या ओलाव्याचा सूक्ष्म थर त्यांची साखळी सुरू करून देतो आणि काही सेकंदांत पॉलिमर तयार होतो. बोटं चटकन चिकटतात याचं कारण बोटांवरचा ओलावा. फेविकॉलची गोष्ट निराळी. त्यात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटच्या साखळ्या कारखान्यातच तयार होऊन पाण्यात विखुरलेल्या असतात. आपण लावतो तेव्हा पाणी उडून जातं आणि साखळ्या जवळ येऊन चिकटतात, नवा सांधा जुळत नाही. आणि कुकरची काळी मूठ? लिओ बेकेलँडने १९०७ साली केलेल्या बेकलाइटची ती जात. तिच्यातला फिनॉल दोनऐवजी तीन ठिकाणी जोडला जातो, त्यामुळे साखळीऐवजी सगळीकडून बांधलेली जाळी बनते. अशी जाळी वितळत नाही. फार तापवली तर ती करपते.

उष्णता, पाणी, ऊन

आता उलटी दिशा. पॉलिमर तुटतो तो मुख्यतः चार कारणांनी: उष्णता, पाणी, ऊन आणि सूक्ष्मजीव. प्रत्येक कारण ठरावीक सांध्यावरच चालतं.

दुहेरी बंध उघडून रेणू जोडले जातात तेव्हा उष्णता बाहेर पडते, म्हणून जोडणी ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याची असते. पण मोकळे फिरणारे हजारो रेणू एका दावणीला बांधले जातात, हा तोटा. तापमान वाढवत नेलं की हा तोटा भारी पडू लागतो, आणि एका मर्यादेपलीकडे साखळी जुळण्यापेक्षा सुटणं सोपं होतं. ॲक्रिलिकचा तक्ता, ज्यापासून दुकानांच्या पाट्या बनतात, हवेशिवाय चारशे अंशांच्या आसपास तापवला तर साखळी टोकाकडून उलगडत जाते आणि मूळ सुटा रेणू जवळजवळ सगळा परत मिळतो. त्यापासून पुन्हा नवं ॲक्रिलिक बनवता येतं. पॉलिथीन असं वागत नाही. त्याचे सगळे सांधे सारखेच, त्यामुळे ते कुठेही तुटतं आणि मेण, तेल, वायू असा मिश्र माल हाती येतो. प्लॅस्टिकपासून इंधन काढण्याचे प्रकल्प चालतात ते असे. पीव्हीसी तापलं तर आधी त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो, म्हणून पीव्हीसीचा तुकडा मिसळलेला कचरा अशा भट्टीला घातक ठरतो.

पाण्याचं काम कॅरॉदर्सला नडलं होतं तेच. पाणी देऊन जुळलेला सांधा पाणी घेऊन तुटतो. पेट बाटलीचे दाणे साच्यात घालण्यापूर्वी तासन्‌तास वाळवतात, इतके की त्यांत दहा लाखांत पन्नास भागांहूनही कमी ओलावा राहतो. तसं केलं नाही तर २८० अंशांच्या यंत्रात तेवढंसं पाणीही एस्टरचे सांधे फोडतं आणि बाटली ठिसूळ होते. कागदाचंही तसंच. जुन्या दिवाळी अंकाचं पान उलटताना कोपऱ्याशी तुटतं, कारण त्या काळच्या कागदात तुरटीसारखी आम्लधर्मी द्रव्यं घालत. आम्लाच्या साथीने पाणी सेल्युलोजचे सांधे हळूहळू तोडत राहतं. नव्या कागदात साखळीची लांबी साधारण हजार ग्लुकोजच्या घरात असते. ती दोन-तीनशेवर आली की पान घडी सहन करत नाही.

हाच दुबळेपणा शल्यविशारदांनी उपयोगात आणला. १९७० पासून वापरात आलेले विरघळणारे टाके पॉलिग्लायकॉलिक आम्लाचे असतात. शरीरातल्या पाण्याने त्यांचे एस्टर सांधे तुटत जातात, जखम भरून येईपर्यंत ते टिकतात आणि दोन-तीन महिन्यांत नाहीसे होतात. उरलेल्या लहान आम्लांचा निचरा शरीर नेहमीच्या वाटेने करतं. टाके काढायला दवाखान्यात जावं लागत नाही, कारण तुटायची तारीख आधीच सांध्यात घातलेली असते.

ऊन वेगळ्या वाटेने येतं. गॅलरीतल्या दोरीवरचा प्लॅस्टिकचा चिमटा दोन उन्हाळे काढतो, त्याचा रंग उडतो, हाताला पांढरी भुकटी लागते आणि एक दिवस दाबताच तो तुटतो. चिमटा बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो. त्याच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनाला एक छोटी फांदी असते आणि त्या कार्बनावरचा हायड्रोजन सहज हिसकावला जातो. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकमधल्या एखाद्या अशुद्धीला उद्दीपित करतात आणि मूलक तयार होतो. हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो. हा नवा मूलक शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो आणि त्या गडबडीत मधूनच साखळी तुटते. मूलकाने जोडलेली साखळी मूलकानेच तुटली.

इथे कॅरॉदर्सचं गणित उलट्या दिशेने चालतं. दहा हजार कार्बनांची साखळी घ्या आणि तिला दहा ठिकाणी काप द्या. हजारात एक सांधा तुटला, ९९.९ टक्के शाबूत आहेत. पण लांबी एकदम अकराव्या हिश्शावर आली. प्लॅस्टिकची मजबुती लांब साखळ्या एकमेकींत गुंतल्यामुळे असते. तुकडे आखूड झाले की गुंता सुटतो आणि वस्तू चुरते. वजनात मात्र काहीच घटत नाही. चिमटा नाहीसा झाला नाही, त्याचा फक्त चुरा झाला. तो नाल्यात गेला की नदीत, नदीतून समुद्रात जातो. प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्प्सन यांनी २००४ मध्ये समुद्रातल्या अशा कणांवर लेख लिहिला तेव्हापासून त्यांना मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार मिसळून पिशव्या लवकर मोडणाऱ्या करण्याचा जो उपाय निघाला, तोही हा चुराच लवकर करतो. म्हणूनच युरोपीय संघाने २०२१ पासून त्या वस्तूंवर बंदी घातली.

सूक्ष्मजीवाला किल्ली हवी

कडबा पचवणारी गाय शहरात उकिरड्यावर पॉलिथीनची पिशवी गिळते. तिच्या पोटातले तेच सूक्ष्मजीव, ज्यांच्यापुढे सेल्युलोजची लाखो वर्षं शरण येतात, पिशवीपुढे हतबल होतात. त्यांच्या विकरांना पकडायला ऑक्सिजनचा एक सांधा लागतो, आणि पॉलिथीनमध्ये तो कुठेच नसतो. पिशव्या पोटात साचत जातात. पशुवैद्य पोट उघडून किलोच्या किलो प्लॅस्टिकचा गोळा बाहेर काढतात. मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तुंबलेल्या गटारांसाठी पिशव्यांकडे बोट दाखवलं गेलं आणि महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने त्यांच्यावर बंदी आणली. कायद्याचा बडगा जे थोपवू पाहतो ते मुळात रसायनाचंच कर्तृत्व आहे: अर्ध्या तासाच्या वापरासाठी न तुटणारा सांधा.

पेटच्या साखळीत मात्र ऑक्सिजनचे सांधे आहेत. २०१६ मध्ये जपानमधल्या साकाई शहरात, पेट बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या आवारात, पेट खाऊन जगणारा एक जिवाणू सापडल्याचं जाहीर झालं. त्या गावावरून त्याला इडिओनेला साकाइएन्सिस हे नाव मिळालं. तो दोन विकरं वापरतो: एक साखळी कापतं, दुसरं तुकडे मूळ घटकांत मोडतं. त्याचा वेग फार कमी आहे. २०२० मध्ये फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीच्या आणि तुलूझच्या संशोधकांनी पानांच्या कंपोस्टमधून मिळालेल्या दुसऱ्या एका विकरात फेरफार केले आणि ७२ अंशांवर दहा तासांत ९० टक्के पेट मूळ घटकांत मोडून दाखवलं. त्या घटकांपासून पुन्हा नवी बाटली बनली. पेट नरम पडायला लागण्याच्या तापमानाजवळ काम करणारं विकर हवं होतं, कारण कडक, घट्ट बांधलेल्या पेटमध्ये विकराला शिरताच येत नाही. सेल्युलोजच्या बाबतीतही हीच अडचण होती.

नुसता योग्य सांधा असून भागत नाही, परिस्थितीही जुळावी लागते. मक्यापासून होणारं पीएलए हे प्लॅस्टिक कंपोस्ट होतं म्हणून विकलं जातं. त्यातही एस्टरचाच सांधा आहे. पण तो झपाट्याने तुटतो तो सुमारे ६० अंश तापमानाच्या, ओलावा राखलेल्या औद्योगिक कंपोस्टमध्ये. समुद्राच्या थंड पाण्यात किंवा घरच्या कुंडीत असा पेला वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहू शकतो. नायलॉनमध्ये तर प्रथिनांचाच अमाइड सांधा आहे, तरी रेशीम पचवणाऱ्या विकरांना ते सहसा दाद देत नाही, कारण त्याच्या साखळ्या घट्ट रचलेल्या असतात आणि विकराला ओळखीचं अमिनो आम्ल मिळत नाही.

वापराचं आयुष्य आणि सांध्याचं आयुष्य

एवढं सगळं पाहिल्यावर पॉलिथीनला दोष द्यावा का? कोणत्याही बागायती शेतात जाऊन पाहा. ठिबक सिंचनाची नळी पॉलिथीनची असते आणि ती काळी असते, कारण तिच्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक मिसळलेला असतो. तो अतिनील किरण शोषून घेतो आणि चिमट्याची जी गत होते ती नळीची होऊ देत नाही. नळी उन्हात, पाण्यात, खतात वर्षानुवर्षं टिकते. तिथे न तुटणारा सांधा हा गुणच आहे, आणि शेतकऱ्याने पैसे त्यासाठीच मोजलेले असतात.

त्याच शेतात गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरलेला असतो. नाव पेपर असलं तरी तो बहुधा पॉलिथीनचाच, २५-३० मायक्रॉन जाडीचा. मिरची, टोमॅटो किंवा कलिंगडाला त्याची गरज चार-पाच महिने असते: तण वाढू नये, ओल टिकावी. पीक निघालं की तो फाटलेला असतो. संपूर्ण गोळा करणं अवघड, म्हणून तुकडे मातीत राहतात, रोटाव्हेटर त्यांचे आणखी तुकडे करतो आणि पुढच्या हंगामात त्यांच्यावर नवा पेपर पडतो. नळी आणि पेपर दोघांचा पॉलिमर एकच. एकाचं काम अनेक वर्षांचं, दुसऱ्याचं एका हंगामाचं. यावर पर्याय म्हणून पीबीएटी नावाच्या पॉलिएस्टरचे पेपर आले आहेत. त्यांच्या एस्टर सांध्यावर मातीतली बुरशी आणि जिवाणू बसू शकतात, त्यामुळे ते नांगरून मातीत घालता येतात. ते महाग पडतात, आणि जमिनीचं तापमान व ओल कशी आहे यावर त्यांचा मोडण्याचा वेग ठरतो, हेही खरं.

प्लॅस्टिक चांगलं की वाईट, या वादापेक्षा वस्तू किती दिवस वापरायची आणि तिचा सांधा किती दिवस टिकणार, या दोन आकड्यांचा मेळ बसतो का, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे. पाण्याच्या पाइपला तो मेळ बसतो, दुधाच्या पिशवीला गोळा करून वितळवली तर बसतो, गुटख्याच्या पुडीला कधीच बसत नाही. पीक पाच महिन्यांचं असेल तर त्याच्या मुळाशी अंथरलेल्या पेपरचा सांधाही त्याच बेताचा हवा. तो निवडायची संधी शेतात किंवा कचरा डेपोवर मिळत नाही. ती एकदाच मिळते, कारखान्यात पॉलिमर जोडला जात असताना.